डाग कुठला, गोंदण कुठलं

जुन्या फोटोचा मोबाइलने काढलेला फोटो आणि त्याच फोटोचं स्कॅन, दोन्ही शेजारी ठेवून मोठी करून पाहावीत. मोबाइलच्या चित्रात एका कोपऱ्यावर खिडकीचा उजेड चढलेला असतो, कडा थोड्या तिरक्या असतात आणि चेहऱ्याजवळ गेलं की कातडी गुळगुळीत दिसते, कारण मोबाइल स्वतःहूनच चित्र साफ करतो. स्कॅनमध्ये कागदाचा पोत, पेन्सिलची रेघ, लुगड्याच्या काठाची वीण जागच्या जागी असते. माझ्या आजीच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण होतं. मोबाइलच्या चित्रात हनुवटीवरचे ठिपके गायबच होते. स्कॅनमध्ये ते मोजता आले. ते पाहिलं आणि ठरवलं, हे काम नीट शिकायचं.

घाईही होती. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यात चुलतभावाचं तळमजल्यावरचं घर बुडालं. कपाटाच्या खालच्या खणातले अल्बम चिखलपाण्यात राहिले. ओले फोटो एकमेकांना चिकटलेले असताना वाळू द्यायचे नसतात. स्वच्छ गार पाण्यात ठेवून ते आपसूक सुटेपर्यंत थांबायचं, मग चित्राची बाजू वर करून सावलीत पसरायचे. पण घरात गुडघाभर गाळ असताना हे कोण करणार? वहिनीने जेवढे वाचवले तेवढे वाचले. आमच्या घराण्याचे बाकीचे फोटो साताऱ्यात माझ्याकडे होते: काळ्या पानांचे दोन अल्बम, चिकट पानांचा एक, आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सुटे फोटो, निगेटिव्ह. यांतल्या कितीतरी फोटोंची दुसरी प्रत आता जगात कुठेही नाही.

शिकवलं ते आमच्या भागातल्या एका जुन्या स्टुडिओच्या काकांनी. तरुणपणी डार्करूममध्ये राबलेले, ब्रशने निगेटिव्हवर टचिंग केलेले, पुढे तेच हात माउसवर बसवलेले. दुपारी गिऱ्हाईक कमी असायचं तेव्हा मी जायची. सॉफ्टवेअर कुठलं घेऊ, असं मी विचारलं तर ते म्हणाले, "ताई, सॉफ्टवेअर राहू द्या. हा फोटो केवढा छापायचाय ते सांगा."

हातात आजोबांचा फोटो होता, सव्वादोन इंच बाय सव्वातीन. बॉक्स कॅमेऱ्याच्या जमान्यातली ही साधारण मापाची प्रत. निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून छापलेली, म्हणजे निगेटिव्ह जेवढी तेवढाच फोटो. अशा प्रती दिसायला चिमुकल्या, पण चित्र न वाढवता छापल्यामुळे त्यांत तपशील ठासून भरलेला असतो. काकांनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात. फोटो चौपट करायचा तर स्कॅनही चौपट बारीक हवं, ३०० चोक १२००. सव्वादोन इंचांचे २७०० ठिपके झाले, सव्वातीनचे ३९००. त्यातून नऊ बाय तेराचा फोटो निघेल. तोच फोटो ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, स्कॅन केला असता, तर मूळ मापाचीच प्रत मिळाली असती आणि मोठी करायला गेलं की चौकोन दिसले असते. त्याउलट लग्नातला चार बाय सहाचा रंगीत फोटो ६०० ला पुरतो. त्याच्या कागदात त्याहून जास्त फारसं काही नसतंच. सगळ्या फोटोंना एकच आकडा लावायचा नाही, प्रत्येकाचं माप पाहून ठरवायचं.

स्कॅनरच्या खोक्यावर दोन आकडे असतात. खरा तो 'ऑप्टिकल' लिहिलेला. त्याहून मोठा जो छापतात तो सॉफ्टवेअरने मधले ठिपके अंदाजाने भरून केलेला असतो. स्कॅनर घ्यायला जाल तर हे आधी बघा.

यानिमित्ताने मी थोडं वाचलं, त्यातली एक गोष्ट मला फार आवडली. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत रसेल किर्श यांनी कॉम्प्युटरमध्ये पहिल्यांदा फोटो स्कॅन केला. तो होता त्यांच्या तीन महिन्यांच्या मुलाचा. चित्र १७६ बाय १७६ ठिपक्यांचं, म्हणजे सगळे मिळून एकतीस हजारही नाहीत. आजोबांच्या त्या सव्वादोन इंची फोटोचे एक कोटीच्या वर होतात. पण पहिला फोटो घरच्या बाळाचा होता हे वाचून बरं वाटलं. आम्ही करतो ते काम पहिल्या दिवसापासून घरचंच आहे.

स्कॅनरमध्ये दोन जाती. ऑफिसात, सायबर कॅफेत दिसतात ते पातळ स्कॅनर सीआयएस सेन्सरचे. काचेला सपाट टेकलेला कागद ते उत्तम उतरवतात. काचेपासून जरा उचललेलं काहीही धूसर होतं. जुने फोटो तर वळलेलेच असतात. जाडजूड सीसीडी स्कॅनरला थोडी खोली कळते. आमच्याकडे देवघराच्या भिंतीवर टांगलेला एक फोटो दमटपणाने फ्रेमच्या काचेला चिकटला आहे. असा फोटो सोलून काढायचा नाही, चित्राचा थर काचेवरच राहतो. काकांनी सीसीडी स्कॅनरवर काचेसकट ठेवला आणि चेहरे स्वच्छ आले. मी जो घेतला तो त्यांच्या ओळखीतून मिळालेला जुना सीसीडी, झाकणात निगेटिव्हसाठी दिवा असलेला.

मग धूळ. काचेवरचा एक कण १२०० डीपीआयला वाटाण्याएवढा दिसतो, आणि तो नंतर मिटवायला लागणारा वेळ आधी पुसायला लागणाऱ्या वेळेच्या कितीतरी पट. प्रत्येक फोटोआधी रबरी फुग्याने हवा मारायची, मऊ ब्रश हलकेच फिरवायचा. काच पुसताना द्रव फडक्यावर घ्यायचा. काचेवर फवारला तर कडेने आत उतरतो. फोटोला पाणी लावायचंच नाही. कोकणातल्या फोटोंवर बुरशीची पांढरी जाळी असते ती ओल्या बोळ्याने पुसायचा मोह होतो, पण बुरशीने चित्राचा जिलेटिनचा थर खाल्लेला असतो आणि तो पाण्यात विरघळून येऊ शकतो. कोरड्या हवेत ठेवा, वाळू द्या, मऊ ब्रशने घराबाहेर झटका आणि आहे तसा स्कॅन करा. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका. दात साफ करायचा बारीक दोरा फोटोखाली सरकवून हळूहळू करवतीसारखा ओढत न्यायचा. तरीही फोटो वाकायला लागला की थांबायचं आणि पानच्या पान काचेवर ठेवायचं.

इथपर्यंत काकांनी मला संपादनाचं नावसुद्धा काढू दिलं नव्हतं. आज मला त्यांचं अगदी पटतं. चांगल्या स्कॅनला दुरुस्ती थोडी लागते.

स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये सोयींची रांग असते: आपोआप उजळ करणं, धार आणणं, धूळ काढणं, रंग ताजे करणं. काकांनी सगळ्या बंद करायला लावल्या. कृष्णधवल फोटोही रंगीत म्हणून स्कॅन करायला लावला, यंत्राला जमत असेल तर ४८ बिटमध्ये. २४ बिटच्या चित्रात लाल, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या असतात. ४८ बिटमध्ये प्रत्येकी ६५,५३६. फिका पडलेला फोटो नंतर ताणून गडद करायचा असतो, त्या वेळी पायऱ्या कमी पडल्या तर आभाळात पट्टे उमटतात. आणि साठवायचं टिफ या प्रकारच्या फाइलमध्ये. जेपेग दर वेळी दुरुस्त करून साठवलं की थोडा तपशील टाकून देतं, टिफ देत नाही. आजोबांचा फोटो २४ बिटमध्ये सुमारे ३२ एमबीचा झाला, ४८ मध्ये दुप्पट. जागेची काळजी करू नका. डिस्क स्वस्त आहे आणि फोटो एकच.

कृष्णधवल फोटो रंगीत का, हे मी विचारलं. त्यावर काकांनी जे दाखवलं, ते या सगळ्या शिकण्यातलं माझं सर्वांत आवडतं.

एका फोटोवर, अंगणात सगळे जमलेत त्यावर, चहा सांडल्यासारखा पिवळट तपकिरी डाग होता, नेमका दोन चेहऱ्यांवर. काकांनी गिंप या फोटो दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र उघडलं आणि त्याचे तीन चॅनल वेगळे केले. प्रत्येक चॅनल हे स्वतंत्र कृष्णधवल चित्रच असतं. निळ्यात डाग काळाकुट्ट दिसला. हिरव्यात मध्यम. लालमध्ये जवळपास नाहीच! पिवळा रंग निळा उजेड शोषतो आणि लाल परतवतो, त्यामुळे लाल उजेडाला पिवळा डाग कोऱ्या कागदासारखाच वाटतो. डागाखालचे दोन चेहरे सबंध होते, कुणीतरी झाकण काढावं तसे वर आले. एकही ठिपका रंगवला नव्हता, भरला नव्हता. फोटोतच होतं ते फक्त नीट पाहिलं. स्कॅन जर 'ग्रे'मध्ये केलं असतं, तर तिन्ही एकत्र मिसळून डाग कायमचा चित्रात गेला असता.

हाच नियम उलटाही वापरता येतो. निळ्या शाईने कुणी फोटोवर नाव लिहिलं असेल तर निळ्या चॅनलमध्ये अक्षरं फिकी होतात. आणि डाग नसून चित्रच पिवळं पडून उडालं असेल, तर निळ्या चॅनलमध्ये अजून बराच तपशील शाबूत मिळतो. आता मी कुठलाही जुना फोटो स्कॅन केला की आधी तिन्ही चॅनल एकेक करून बघते. फोटोच्या कडेला काळ्या भागात निळसर चांदीसारखी झाक येते, ती मात्र या युक्तीने जात नाही. ती चित्रातली चांदीच वर आलेली असते.

मग आम्ही 'धूळ आणि ओरखडे काढा' हे बटण दाबून पाहिलं, काय होतं ते कळावं म्हणून. आजीचा फोटो होता. बटणाने खरंच पांढरे ठिपके गेले, बारीक चरे गेले. आणि हनुवटीवरचं गोंदण गेलं. कपाळावरची गोंदणाची बारीक खूण पुसट झाली. आजोबांच्या फोटोवर तेच केलं तर त्यांच्या गालावरचे देवीचे व्रण भरून आले. देवी १९८० मध्ये जगातून गेल्याचं जाहीर झालं. आजोबांना त्या लहानपणी आल्या होत्या, त्यात त्यांची एक बहीण गेली. ते व्रण हा त्या घरातल्या दुखण्याचा उरलेला एकमेव पुरावा आहे. बटणाला काय कळणार? त्याला आजूबाजूपेक्षा वेगळा दिसणारा प्रत्येक लहान ठिपका सारखाच.

त्या दुपारी माझ्या मनात या कामाचा नेम पक्का झाला. कागदावर नंतर जे आलं ते काढायचं: धूळ, बुरशी, घडीची रेघ, चहा. कॅमेऱ्यासमोर जे होतं त्याला हात लावायचा नाही. डाग कुठला आणि माणसाची खूण कुठली हे प्रत्येक ठिपक्यापाशी थांबून ठरवायचं. बटण हे ठरवू शकत नाही, आणि आजीला न पाहिलेला माणूसही पुष्कळदा ठरवू शकत नाही.

कुंकवाचंही असंच. आजीच्या एका फोटोत कपाळावर काळाभोर ठसठशीत गोल आहे. माझ्या भाचीला वाटलं शाईचा डाग, ती म्हणाली, "मावशी, हा आधी काढ." तेव्हाच्या पुष्कळ फिल्मना लाल रंग दिसतच नसे. ऑर्थोक्रोमॅटिक म्हणतात त्यांना. डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा तो याच कारणाने, कागदालाही लाल दिसत नाही. म्हणून लाल कुंकू काळं येतं. ते तसंच ठेवलं, उजळवलंसुद्धा नाही.

आता प्रत्यक्ष दुरुस्ती. मी गिंपच वापरते. फुकट आहे, १९९५ च्या सुमाराला बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं, आणि घरगुती कामाला लागतं ते सगळं त्यात आहे. पहिली पायरी लेव्हल्स. तिथे हिस्टोग्राम दिसतो, डोंगररांगेसारखा आलेख: डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं, मध्ये करडे रंग, ज्या छटेचे ठिपके जास्त तिथे उंची जास्त. फिक्या फोटोत ही रांग मधल्या मधेच संपते, दोन्ही टोकांना मोकळं रान. डावीकडचा त्रिकोण रांगेच्या पायथ्याला आणायचा, उजवीकडचा दुसऱ्या पायथ्याला, की फोटोत जीव येतो. पायथ्याच्या आत ढकलायचा नाही, कारण मग पांढऱ्या सदऱ्याच्या चुण्या आणि काळ्या टोपीची शिवण कायमची जाते. मधल्या त्रिकोणाने चेहरे थोडे उजळ किंवा गडद करता येतात. माझ्या बहुतेक फोटोंना एवढंच पुरलं.

घडीच्या रेघा आणि कसरीने खाल्लेली भोकं यांना हीलिंग आणि क्लोन. दोन्ही साधनं शेजारचा तुकडा उचलून इथे आणतात. हीलिंग तो आजूबाजूच्या उजेडाशी जुळवून घेतं, क्लोन आहे तसा चिकटवतं. मोकळी भिंत, आभाळ, अंगण इथे हीलिंग सुंदर चालतं. दोन रंगांच्या सीमेवर, म्हणजे पगडीची कड आणि मागची भिंत अशा ठिकाणी, ते चिखल करतं, तिथे क्लोन. ब्रश भेगेपेक्षा किंचित मोठा ठेवायचा आणि नमुना पुन्हा पुन्हा नव्या जागेवरून उचलायचा, नाहीतर एकाच ठशाची रांग उठते. हे सगळं मूळ चित्रावर नाही, वर एक रिकामा लेअर, म्हणजे पारदर्शक थर, घेऊन त्यावर. लेअर बंद केला की खालचा फोटो जसाच्या तसा. उद्या कुणाला वाटलं की मी एखादी खरी खूण काढली, तर त्यांना तपासता आलं पाहिजे. धार आणायचीच तर सगळ्यात शेवटी, छापायच्या मापाला आणल्यावर, आणि थोडीच.

भेग डोळ्यातून किंवा ओठांतून गेली असेल तर? यावर काका आणि मी बराच वेळ बोललो. त्यांच्या धंद्यात गिऱ्हाइकाला पूर्ण चेहरा लागतो. ते दुसरा डोळा उलटा करून बसवतात. हार घालून टांगायच्या फोटोला माझी हरकत नाही. पण घराण्याच्या नोंदीच्या प्रतीत मी ती भेग ठेवते. नसलेला डोळा मी काढला तर पुढच्या पिढीला तो आजोबांचाच वाटेल.

याच कारणाने मोबाइलवरच्या 'चेहरा स्पष्ट करा' वाल्या ॲपना मी दूर ठेवलं आहे. आत्याच्या नातवाने एक फोटो त्यातून काढून पाठवला. पापणी न पापणी रेखीव, दात शुभ्र, आणि आत्याने बघून विचारलं, "ही कोण गं?" ती तिची सख्खी आई होती. ते ॲप लाखो परक्या चेहऱ्यांवरून शिकलेलं असतं आणि धूसर जागी त्यांतलंच काहीतरी भरतं. रंग भरणाऱ्या ॲपचंही तेच. त्याने आजीचं लुगडं निळं केलं. आत्या म्हणाली, ते हिरवं होतं, लग्नातलं. कृष्णधवल फोटोत रंग साठवलेलाच नसतो, तर तो परत कुठून आणणार? खाली ओळीत लिहिलं, 'लुगडं हिरवं, आत्याच्या आठवणीनुसार', ते मला जास्त मोलाचं वाटतं.

रंगीत फोटोंकडे वळल्यावर वेगळीच गाठ पडली. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले कितीतरी फोटो लालसर झालेत, अंधारात अल्बममध्ये राहूनसुद्धा. त्यातला निळसर हिरवा रंगद्रव्याचा थर आधी उडतो आणि लाल, किरमिजी मागे उरतं. तिथे लेव्हल्स एकत्र लावायच्या नाहीत, तिन्ही चॅनलना वेगवेगळ्या लावायच्या. प्रत्येकाची रांग स्वतंत्रपणे पायथ्याला आणली की आभाळ परत आभाळासारखं दिसतं. पूर्ण नाही, पण बरंचसं. मी फोटोत मुळात पांढरं किंवा करडं असलेलं काहीतरी शोधते, धोतर, चुन्याची भिंत, आणि ते रंगहीन होईपर्यंत हलवते. बाकीचे रंग मागोमाग येतात.

त्याच काळात स्टुडिओवाले रेशमी पोताचा कागद वापरायचे, बोट फिरवलं तर बारीक जाळी लागते. स्कॅनरचा दिवा एकाच बाजूने पडतो, म्हणून प्रत्येक उंचवटा चमकतो आणि चेहऱ्यावर मधाच्या पोळ्यासारखी नक्षी येते. काकांची युक्ती अशी: एकदा स्कॅन करा, फोटो अर्धा फिरवून, डोकं खाली, पुन्हा स्कॅन करा. दुसरं चित्र सॉफ्टवेअरमध्ये सरळ करून पहिल्यावर बरोबर बसवा आणि वरच्या लेअरची अपारदर्शकता ५० टक्के ठेवा. पहिल्यात जिथे चमक तिथे दुसऱ्यात सावली, दोन्ही एकमेकांना बऱ्यापैकी खातात. बसवायला चिकाटी लागते, विशेषतः फोटो वळलेला असेल तर, पण फरक पाहून मेहनतीचं काही वाटत नाही.

निगेटिव्हचं काम मी सर्वांत शेवटी घेतलं आणि आता वाटतं ते सर्वांत समृद्ध आहे. बाबांकडे आगफा क्लिक थ्री होता, १२० चा रोल, त्यावर बारा चौकोनी चित्रं. एकेक निगेटिव्ह जवळपास ५६ मिलिमीटर चौरस. २४०० डीपीआयला एका बाजूला सव्वापाच हजारांच्या वर ठिपके मिळतात. साधा कॅमेरा, कडेला चित्र थोडं विरघळतं, पण मध्यभागी विहिरीच्या रहाटाचा दोरसुद्धा सुटा दिसतो. यांतली निम्मी चित्रं कधी छापलीच नव्हती. पैसे वाचवायला निवडक छापून घ्यायचे. ती आम्ही पहिल्यांदाच पाहिली.

निगेटिव्ह काचेला थेट टेकली तर इंद्रधनुषी कडी उठतात, म्हणून चौकटीत अधांतरी धरायची. कृष्णधवल निगेटिव्हला इन्फ्रारेडची धूळसफाई, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाने धूळ ओळखून मिटवणारी स्कॅनरची सोय, लावायची नाही: चित्र चांदीचं असतं, चांदी इन्फ्रारेड अडवते आणि यंत्र चित्रालाच धूळ समजतं. रंगीत निगेटिव्हला ती उत्तम चालते. चकचकीत बाजू कुठली, मळकट बाजू कुठली हे तिरप्या उजेडात पाहून ठेवायचं, नाहीतर चित्र आरशातल्यासारखं उलटं येतं. शंका आली की मी सदऱ्याचा खिसा बघते, डावीकडे हवा. पाटीवरची अक्षरं दिसत असतील तर प्रश्नच नाही.

आत्याला घेऊन बसणं हा या कामाचाच भाग आहे, वेगळा कार्यक्रम नाही. तिची नजर अधू झाली आहे, अल्बममधला सव्वादोन इंची फोटो तिला दिसत नाही. टीव्हीच्या पडद्यावर तेच चेहरे हातभर मोठे केले की ती बोलायला लागते. अंगणातल्या त्या डागाच्या फोटोत, लाल चॅनलमधून वर आलेल्या दोघांपैकी एकाला घरात सगळे थोरले काका म्हणत आले होते. आत्या म्हणाली, "छे गं, हा धाकटा. थोरल्याच्या कानात भिकबाळी होती." मी टिफ उघडून उजव्या कानाशी गेले. कान मोकळा. शेजारच्या रांगेत उभ्या मुलाच्या उजव्या कानात, वरच्या पाळीला, तीन-चार ठिपक्यांएवढी चमक होती. धूळ म्हणून मी ती मिटवली नव्हती, कारण आजूबाजूच्या धुळीचे ठिपके पांढरेशुभ्र आणि कडक कडांचे होते, ही चमक मऊ होती आणि तिच्याखाली बारीकशी सावली होती. थोरले काका ते निघाले.

आता प्रत्येक फोटोची पाठही स्कॅन करते, कारण स्टुडिओचा शिक्का, कागदाच्या कंपनीचं नाव आणि आजोबांचं मोडीतलं टिपण तिथेच असतं. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग गाव. वर्ष नक्की नसेल तर दशक. कोण, कुठे आणि कुणी सांगितलं हे फाइलच्या आतल्या माहितीच्या रकान्यात लिहिते, म्हणजे नाव बदललं तरी ते चित्राबरोबर राहतं. 'कुणी सांगितलं' हा रकाना वगळत नाही. मूळ टिफ एका डिस्कवर, दुसरी डिस्क चिपळूणच्या भावाच्या वरच्या मजल्यावर, आणि एक प्रत ऑनलाइन.

एक फोल्डर अजून 'ओळख पटायची आहे' नावाचं आहे. त्यात एका बाईंचा फोटो आहे, कपाळावर तुळशीचं गोंदण, मांडीवर मूल, मागे स्टुडिओचा रंगवलेला पडदा. आत्याला त्या आठवत नाहीत. गुहागरकडे आजीच्या माहेरचे लोक आहेत. गणपतीला गेले की फोटो मोठा छापून घेऊन जाणार आहे.